तेरा वर्षांच्या मुलीसाठी समुद्रावर घडणारी डिस्टोपियन कादंबरी सुचवाल का?

मुलगी इंग्रजी वाचते, जग बुडाल्यानंतरच्या गोष्टी तिला आवडतात आणि आता समुद्रावरचं साहस हवंय, असं तुम्ही लिहिलंय. मग पाओलो बाचिगालूपी यांची ‘शिप ब्रेकर’ द्या. २०१० साली आली, आणि किशोरांसाठीच्या पुस्तकांना अमेरिकेत मिळणारा प्रिंट्झ पुरस्कार तिला २०११ मध्ये मिळाला.

तेलाचे दिवस सरलेत, समुद्र चढलाय, न्यू ऑर्लिन्स पाण्यात गेलंय. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर जुनी तेलवाहू जहाजं रुतून पडलीयत आणि नेलर नावाचा पोरगा त्यांच्या पोटात सरपटत जाऊन तांब्याच्या तारा ओढून काढतो. अरुंद नळ्यांत मावेल एवढी चण असेल तरच हे काम मिळतं. त्यामुळे या पोराला धास्ती कसली, तर अंगाने वाढण्याची! वाढला की या टोळीतून बाहेर, आणि पोलाद कापणाऱ्या टोळीत जायला तेवढा दणकट नाही. मला पुस्तक इथेच पटलं. या जगाची भीती वाटायला कुणी हुकूमशहा लागत नाही, रोजची मजुरी पुरते.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. कपाळाला चमकणारा रंग फासून, त्याच्या उजेडात काम करताना नेलर जहाजात राहून गेलेल्या तेलाच्या साठ्यात कोसळतो. गळ्यापर्यंत काळं तेल, हाताला धरायला काही नाही. त्याच्याच टोळीतली मुलगी वर येऊन बघते. एकमेकांना दगा द्यायचा नाही, अशी रक्ताची शपथ घेतलेली. पण एवढं तेल म्हणजे जन्माची ददात मिटली. ती हिशोब करते आणि निघून जाते. पुढे वादळानंतर फुटलेल्या एका श्रीमंती जहाजात नीता नावाची मुलगी सापडते, तेव्हा तसाच हिशोब नेलरपुढे येतो: हिच्या बोटांतल्या सोन्याच्या अंगठ्या घ्यायच्या, की हिला वाचवायचं? (नीताच्या घरची जहाज कंपनी पटेलांची आहे. भविष्यातही धंदा त्यांच्याकडेच!)

मात्र पहिला अर्धा भाग किनाऱ्यावरच जातो. शिडांच्या वेगवान जहाजांचा पाठलाग नंतर येतो, पण येतो तेव्हा पुस्तक खाली ठेववत नाही.

हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही, हेही मुलीला सांगा. गुजरातेत अलंगला भरतीच्या जोरावर जहाजं किनाऱ्यावर चढवतात आणि तिथेच तोडतात. आपली जुनी ‘विक्रांत’ तर २०१४ मध्ये मुंबईतच, दारूखान्यात तोडायला घेतली होती.

नेलरचा बाप नशेबाज आणि मारकुटा आहे. चाकू चालतात, माणसं मरतात. तेराव्या वर्षी हे झेपावं, पण आधी तुम्ही चाळून बघा. धाकटं भावंड दहा-अकराचं असेल तर त्याला इतक्यात देऊ नका.

आवडलं म्हणून लगेच ‘द ड्राउन्ड सिटीज’ मागवू नका. जग तेच, पण गोष्ट यादवी युद्धाची, लहान वयात हाती बंदूक आलेल्या पोरांची. ती बरीच जास्त रक्तरंजित आहे आणि समुद्राची हौस तिच्यात भागणार नाही.