फोल्डर बंद केला, तरी उघडतोच

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर सभासदांच्या थकबाकीच्या याद्यांचा फोल्डर आहे. कार्यालयातून तो थेट उघडावा, बाहेरून पासवर्ड मागावा, म्हणून त्यात फोल्डरचे नियम सांगणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल ठेवली. जुन्या सर्व्हरवर हे चालत होतं. नव्या उबुंटू सर्व्हरवर अपाची (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) २.४ आल्यापासून मोबाइलवरही यादी सरळ उघडते, एररसुद्धा येत नाही. कुठं चुकतंय?

उत्तर : आधी त्या फोल्डरमधल्या याद्या वेबसाइटवरून हलवा. त्यात लोकांची नावं आहेत, दुरुस्ती नंतर. मग अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (कुणी काय उघडलं याची नोंद) त्या फोल्डरसमोर २०० हा आकडा, म्हणजे 'पान मिळालं', कुठल्या आयपी पत्त्यांना मिळाला, तेही बघा.

एरर येत नाही, म्हणजे बहुधा सर्व्हर तुमची फाइल वाचतच नाही. खात्री करायला फोल्डरमध्ये एक साधं पान ठेवा, एचटीअ‍ॅक्सेसच्या पहिल्या ओळीत 'कखग' लिहा आणि पान उघडा. फाइल वाचली जात असेल, तर ५०० ची (सर्व्हरमधल्या चुकीची) एरर आलीच पाहिजे. पान मुकाट उघडलं, तर आतले नियम कितीही बिनचूक असोत, उपयोग शून्य. कारण असं की ही फाइल मानायची की नाही हे ठरवणारं 'अलाऊओव्हरराइड' हे सेटिंग अपाची २.२ मध्ये काही न लिहिल्यास 'ऑल' धरलं जायचं, २.४ मध्ये 'नन' धरलं जातं.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर एचटीअ‍ॅक्सेसचा नादच सोडा. मुख्य कॉन्फिगमध्ये (सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) त्या फोल्डरचा 'डिरेक्टरी' ब्लॉक करा. 'ऑथटाइप बेसिक', 'ऑथनेम' आणि पासवर्ड फाइलचा पत्ता लिहा. खाली 'रिक्वायरएनी'च्या आत दोन ओळी : 'रिक्वायर आयपी' पुढे कार्यालयाचा पत्ता, आणि 'रिक्वायर व्हॅलिड-यूजर'. दोन्हींपैकी एक जुळलं की प्रवेश. दोन्ही अटी हव्या असतील तर 'रिक्वायरऑल'. जुन्या 'ऑर्डर', 'अलाऊ', 'डिनाय' या ओळी काढून टाका. नव्याजुन्याची सरमिसळ झाली की कोणता नियम लागला तेच कळत नाही. शेवटी कॉन्फिगटेस्ट (लिहिण्यात चूक नाही ना, ही तपासणी), मग सर्व्हर रीलोड.

सर्व्हर कार्यालयाबाहेर असेल तर १९२.१६८ ने सुरू होणारा, आतल्या नेटवर्कपुरता पत्ता चालणार नाही. इंटरनेट कंपनीकडून स्थिर पत्ता घ्या, आणि कार्यालयात आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू असेल तर तो पत्ताही नियमात लिहा.

पासवर्ड फाइल वेबसाइटच्या फोल्डरबाहेर ठेवा. ती फाइल बनवणाऱ्या एचटीपासडब्ल्यूडी कमांडला 'सी' हा पर्याय फक्त पहिल्या वेळी द्यायचा. दुसऱ्या सभासदाच्या वेळी दिलात, तर पहिल्याचं नाव पुसलं जातं. एचटीटीपीएस हवंच, कारण बेसिक पद्धतीत पासवर्ड जवळपास उघडाच जातो.

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, खासगी विंडोत तपासा. पासवर्डची चौकट आली, की मगच याद्या परत ठेवा.

प्रश्न : सीडीएन (वेबसाइट आणि वाचक यांच्यामधले वाटप सर्व्हर) लावल्यापासून कार्यालयातही पासवर्ड मागितला जातो. नियम तोच आहे.

उत्तर : सर्व्हरला आता कार्यालयाचा नव्हे, सीडीएनचा पत्ता दिसतो. म्हणून सीडीएनचे पत्ते नियमात घालू नका. सगळं जगच आत येईल. 'रिमोटआयपी' मॉड्यूल चालू करा, खरा पत्ता कोणत्या हेडरमध्ये (विनंतीसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) येतो ते सांगा आणि विश्वासू प्रॉक्सी (मधला सर्व्हर) म्हणून फक्त सीडीएनचे पत्ते नोंदवा. ही यादी दिली नाही, तर तो हेडर कुणीही खोटा लिहून पाठवू शकतो.