नेहमीचंच का?

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. टोकियोतल्या निशी-कासाईत येऊन सात महिने झाले, ऑफिसात नि दुकानांत ठरावीक वाक्यांपलीकडे कोणी बोलत नाही, रविवारी मराठी मंडळींकडे जाऊन आलं की खोली आणखीच सुनी वाटते, हे सगळं वाचलं. त्यात 'परफेक्ट डेज' हा चित्रपट पाहून तू चिडलास. 'तो म्हातारा एकटा राहून सुखात, मग माझंच काय बिघडलंय?'

अरे, तो एकटा आहे हे तुला कोणी सांगितलं?

२०२३चा हा चित्रपट. दिग्दर्शक व्हिम व्हेंडर्स जर्मन, पण जपानी दिग्दर्शक ओझूचा जुना भक्त. नायकाचं हिरायामा हे आडनावही ओझूच्याच चित्रपटातलं. कोजी याकुशोला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो याच भूमिकेसाठी. हिरायामा टोकियोच्या शिबुया भागातली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो, गाडीत कॅसेट ऐकतो, दुपारी देवळाच्या आवारात सँडविच खातो आणि झाडांचे फोटो काढतो. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाला जपानीत 'कोमोरेबी' म्हणतात, त्यावर लोक फार गहिवरून लिहितात. आपला कवडसा काही अगदीच दूरचा नाही. ते राहू दे.

पुन्हा पाहशील तेव्हा एक वही घेऊन बस आणि दिवसभरात त्याला ओळखणारे किती, ते मोज. आसाकुसाच्या भुयारी बाजारातल्या खानावळीत तो टेकतो न टेकतो तोच मालक न सांगता पेला पुढे ठेवतो आणि दिवसभराच्या श्रमाची विचारपूस करणारे दोन शब्द टाकतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली बाई प्रत्येक पुस्तकावर आपलं मत ऐकवते. एका स्वच्छतागृहात फटीत खोचलेला कागद सापडतो, त्यावर फुली-गोळ्याचा डाव अर्धा मांडलेला. हिरायामा आपली खूण करून कागद परत खोचतो. रोज एक खेळी. समोरचा कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आता माझी चूक कबूल करतो. त्या खानावळवाल्याच्या शब्दांसारखंच श्रमाची विचारपूस करणारं 'ओत्सुकारेसामा' मी जपानीच्या वर्गात तुमच्याकडून पहिल्याच महिन्यात घोकून घेतलं, 'दमलात' असा अर्थ फळ्यावर लिहिला आणि पुढच्या धड्याकडे वळलो. तू आता त्यालाच पोकळ वाक्य म्हणतोस. पुण्यात जिन्यात कोणी 'जेवण झालं का?' विचारलं, तर त्याला भाजी कोणती होती हे जाणून घ्यायचं नसतं, आणि तरीही त्याने विचारलं नाही तर आपल्याला चुकल्यासारखं होतं. तसंच आहे हे.

मी तिकडे शिकायला होतो तेव्हा खोलीजवळच्या दुकानातून रोज संध्याकाळी टोफूची एक वडी घ्यायचो. दोन महिने दुकानदारीणबाई फक्त किंमत सांगत. मग एके दिवशी मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, 'इत्सुमो नो?' नेहमीचंच का? त्या दिवशी मी दोन वड्या घेतल्या, खाणार कोण याचा विचार न करता.

तू मात्र फोनवरून जेवण मागवतोस, आणि जिथे सवलत तिथून सामान आणतोस. तुला 'नेहमीचंच का' कोण विचारणार?

हिरायामाला गुरू मात्र करू नकोस. बहीण ड्रायव्हरच्या गाडीतून येते, म्हणजे घर श्रीमंत. वडिलांचं आता भान सुटलंय म्हणते, तरी हा भेटायला जायला तयार होत नाही. ती गेल्यावर रस्त्यात उभा राहून रडतो. तेवढं एक दार त्यानेही बंदच ठेवलंय. शिवाय हे काम त्याने स्वतः निवडलेलं दिसतं. आपल्याकडे अशा माणसाची जात विचारावी लागली नसती. आणि चित्रपटाचा उगम शिबुयातल्या सतरा नव्या स्वच्छतागृहांच्या प्रकल्पात आहे, ती नामवंत वास्तुरचनाकारांनी आणि डिझायनरांनी घडवलेली, त्यामुळे पडद्यावर घाण फारशी दिसत नाही. मला ते खटकलं.

पण नदीकाठचा प्रसंग बघ. ज्या बारमध्ये हिरायामा नेहमी जातो, तिथल्या मालकिणीचा पूर्वीचा नवरा त्याला भेटतो. कर्करोग झालेला. तो विचारतो, दोन सावल्या एकावर एक पडल्या तर जास्त गडद होतात का? मग हे दोघे वयस्क पुरुष दिव्याखाली सावल्या जुळवून बघतात, आणि पोरांसारखे एकमेकांच्या सावलीवर पाय द्यायला धावतात. तो रोजचा बार नसता, तर या दोघांची गाठ पडली नसती.

आसाकुसाचा तो भुयारी बाजार खराच आहे. मेट्रोच्या तोझाई मार्गाने निहोन्बाशी, तिथून गिन्झा मार्ग. जाऊन ये हवं तर, पण आधी तुझ्या इमारतीखालचं बेंतोचं, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांचं दुकान. महिनाभर तेच दुकान, तीच वेळ. बाईंनी उत्तर दिलं नाही तरी जाताना बोलायचं वाक्य तुला येतं.

खाली नऊ घरांची चौकट काढली आहे. मधला गोळा माझा. तुझी फुली टाकून कागद परत पाठव.

तुझा,
सर