मुलाला सिलिअ‍ॅक निघाला आहे. एकत्र कुटुंबातल्या लोकांना गव्हाशिवायच्या खाण्याची सवय कशी लावायची?

तुम्ही लिहिलंय: मुलगा सहा वर्षांचा, बायोप्सीत सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या चिकट प्रथिनानं आतडं झिजण्याचा आजार, गहू जन्मभर बंद. घरात आठ माणसं, चूल एक, आणि सासूबाई म्हणतात, "थोडसक खाल्लं त काय होते पोराले?" त्यांना समजवायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

माझ्याही पोराला हेच आहे, म्हणून अनुभवाचं उत्तर: समजवत बसू नका. पहिले सहा महिने फक्त स्वयंपाकघर बदला. माणसं बदलायची तर मागाहून बदलतात, नाही बदलली तरी लेकराचं अडत नाही.

"थोडसक"चा हिशोब मात्र एकदा सगळ्यांसमोर करून दाखवा. मध्यम पोळीला २५-३० ग्रॅम कणीक लागते, तिच्यात दोन ग्रॅमच्या वर ग्लूटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत चालून जातं असं धरतात. रोज ५० मिलिग्रॅम, असं तीन महिने गेलं की आतड्याला इजा झालेली अभ्यासात दिसली आहे. म्हणजे एका पोळीचे दोनशे तुकडे करायचे आणि त्यातला एक, ही दिवसभराची हद्द. मामंजींसमोर ताटात पोळी घेऊन खरंच तुकडे करायला बसा. पन्नाससाठच्या पुढं तुकडा चिमटीत धरवत नाही, वाद तिथंच थांबतो.

मग दुसरा वाद येतो: "काल बिस्कुट खाल्लं, काई झालं नाई." आतड्याला आतून टॉवेलच्या दोऱ्यांसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तिच्यातून रक्तात जातं. ग्लूटेननं ती झिजून सपाट होते, आणि झिजताना दुखेलच असं काही नाही. उंची थांबते, रक्त कमी होतं, पोरगं चिडचिडं होतं. त्यामुळे पोट दुखलं नाही हा पुरावा धरायचा नाही. रक्ताचा रिपोर्ट आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मारलेली उंचीची रेघ, हे दोनच धरायचे.

खरी गोम वेगळी आहे. आपल्याकडं गव्हाचा हट्ट आजारावरून नसतोच, इज्जतीवरून असतो. पाहुण्याला पोळी, गड्याला भाकर. जिनं उभ्या जन्मात पाहुण्यापुढं भाकर ठेवली नाही, तिला नातवाच्या ताटात रोज भाकर बघवत नाही. त्यात रेशनचा गहू फुकट आणि ज्वारी विकत, कारण शेतात सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी पेरलीच तर अर्धी पाखरं खातात, अर्धी रानडुकरं. "आजार आजार" म्हणून हे सुटत नाही. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला नैवेद्य पिठलं-भाकरीचा असतो, एवढं एक वाक्य आमच्याकडं डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा जास्त चाललं. आणि हिशोब सांगा: लेकराला दिवसाला दीडशे ग्रॅम पीठ धरलं तरी महिन्याला साडेचार-पाच किलो ज्वारी. एवढ्यानं घर बुडत नाही.

आता गिरणी. इथं मी जरा जास्त लिहिते, कारण आमचं घोडं इथंच पेंड खात होतं. पोराच्या ताटात सहा महिने नुसती ज्वारी आणि तांदूळ, तरी टीटीजीचा, म्हणजे या आजाराच्या रक्ततपासणीचा, आकडा म्हणावा तसा उतरेना. माझा संशय सासूबाईंवर. लपून बिस्कुट देत असतील. तसं तोंडावर बोलूनही झालं. निघाली गिरणी. आपल्या आधीच्या माणसाचा गहू दळून झाला की दोन दगडांच्या मध्ये, टाकी लावून पाडलेल्या खाचांत आणि पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीत कणीक बसलेली असते. गिरणीवाला बाही झटकून शेवटचं पीठ आपल्याच डब्यात लोटतो, हा त्याचा प्रामाणिकपणा, आणि तेच आपल्याला नडतं. "आधी दोन किलो दळून बाजूला काढा, मग आपलं दळा" हा उपाय लोक सांगतात. मीही केला. दगड थोडे साफ होतात, बाही तीच राहते, आणि शेजारच्या गिरणीवर गहू चालूच असतो, त्याचं पीठ हवेतून येतं ते वेगळंच. भरवसा नाही.

जमत असेल तर एक अश्वशक्तीची घरगुती गिरणी घ्या. घरच्या लाईनवर चालते, तासाला सात-आठ किलो दळते. आपल्याकडं संध्याकाळी दाब उतरतो, तेव्हा ती नुसती घुंघुं करते आणि दाणा आत अडकतो. दळण सकाळीच लावा. या गिरणीत गहू एकदाही नाही. शेजारीण डबा घेऊन येतेच, तिला दारातच नाही म्हणा. वाईटपणा एक दिवसाचा असतो. गिरणी परवडत नसेल तर नवं जातं, नाहीतर मिक्सर: दोनशे ग्रॅमचे घाणे, मध्ये भांडं थंड होऊ द्यायचं, नव्या चाळणीनं चाळायचं, वरचा भरडा कण्यांना. जुन्या जात्यावर दहा वर्षं गहू दळला असेल तर ते तसंच वापरू नका.

धान्यही तपासा. रब्बीत गहू आणि हरभरा एकाच मळणीयंत्रातून निघतात, हरभऱ्यात गव्हाचे दाणे सापडतातच. थाळीत पसरून निवडा, धुवा, वाळवा, मग बेसन घरी दळा. बाजारच्या बेसनाचं पिठलं करून "पिठल्यात कुठं गहू?" म्हणू नका.

ज्वारीचं पीठ दहा-पंधरा दिवसांचंच दळा. जुनं झालं की कडवट लागतं आणि भाकर थापताना तुटते. लोक म्हणतात ज्वारीच वाईट निघाली, तर ते पीठ जुनं असतं. डब्यासाठी थापलेल्या भाकरीपेक्षा उकडीचा फुलका बरा. एक वाटी पाण्याला मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळी आणा, एक वाटी पीठ घाला, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं मळा. गव्हाला धरून ठेवणारं ग्लूटेनच असतं, इथं ते काम उकडलेली खळ करते. म्हणून थंड पाण्यात मळलं तर फाटणारच. तांदळाच्या पिठीवर लाटा, भाजून लगेच फडक्यात गुंडाळा. चार-पाच तास मऊ राहतो.

हे सगळं मी सासूबाईंना शिकवायला गेले तेव्हा त्यांनी परात ओढून घेतली. गिरणीचं निघाल्यावर माफी मागायची होतीच. भाकरीचं सगळं खातं त्यांच्याकडं दिलं. तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर हेच: ज्यांचा विरोध जास्त त्यांच्या हातात पीठ द्या. भाकर त्यांना तुमच्यापेक्षा चांगली येते, आणि स्वतः थापलेल्या भाकरीत कोणी कणीक मिसळू देत नाही.

माझं मत विचाराल तर गहू घरातूनच काढा. ते होत नसेल तर आधी भाकरी, लेकराचं जेवण झाकून वर, मग कणीक मळायची. उलट क्रम नाही, उडालेली कणीक बराच वेळ खाली बसत असते. स्टीलची भांडी घासून चालतात. काटवट, पोळपाट, लाटणं, चाळणी, तवा वेगळे, आणि त्यांना लाल दोरा बांधा, म्हणजे आलेल्या नणंदेलाही कळतं. लोणच्याच्या बरणीत आणि तुपाच्या भांड्यात पोळीचा हात जातो. लेकराची वाटी बरणी फोडली त्याच दिवशी काढून ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड नाहीत.

ज्यांत फसगत होते ते पदार्थ: हिंग (डबीवर बघा, बहुतेकांत गव्हाचं पीठ असतं, खड्याच्या हिंगातही असू शकतं, ज्यात नाही तोच घ्या), दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, सांबारवडीचं (कोथिंबिरीच्या वडीचं) आवरण, चिकोल्या (वरणफळं), शेवया, आणि कुरडया. कुरडईवरून भांडण ठरलेलं: "चीक काढला, मंग गहू राह्यला कुठी?" राहतो. चीक कितीही धुतला तरी घरच्या पद्धतीनं ग्लूटेन पूर्ण निघत नाही. उन्हाळ्यात तांदळाच्या कुरडया आणि ज्वारीचे पापड करा. भगर, साबुदाणा, राजगिरा चालतो. दळण मात्र घरचंच.

प्रसादाचं आधीच ठरवा. सत्यनारायणाला रव्याचा शिरा होणारच, गुरुजींना सांगून शेजारी केळं आणि खोबरं-साखर ठेवा, लेकराला प्रसाद त्यातला. पोळ्याला पुरणात गहू नसतोच, नुसतं पुरण-तूप दूध घालून द्या किंवा तांदळाच्या उकडीत भरा. तान्ह्या पोळ्याला पोरगं लाकडाचा बैल घेऊन दारोदार जाणार आणि बोजाऱ्यात बिस्कुटं येणार. आदल्या दिवशी त्या दहा घरी घरच्या शेंगदाणा-गुळाच्या वड्या पोचत्या करा आणि सांगा, "आमच्या पोराले ह्याच द्या." पंगतीत त्याला पहिल्या वाढपात बसवा, भात-वरण भांडं उघडल्या उघडल्या; नंतर त्याच पळीला पोळीचे तुकडे लागतात. रोडग्याच्या जेवणाला डबा घरचाच. शाळेत चिठ्ठी गुरुजींना द्या, पण खिचडी शिजवणाऱ्या ताईंना स्वतः जाऊन भेटा.

काही गोष्टी राहिल्या. गोळ्या, सिरप चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. टीटीजी उतरायला कित्येकदा वर्ष लागतं, त्यामुळे तीन महिन्यांत लगेच कोणाला चोर ठरवू नका.

आणि "हे कोणाच्या खानदानातून आलं" हा वाद तुमच्याकडंही निघेल. कल आईकडून येतो, बापाकडून येतो, दोघांकडूनही येतो, म्हणून आई, बाप आणि सख्खी भावंडं, सगळ्यांची टीटीजी तपासणी करायची असते, काही त्रास नसला तरी. ही तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. गहू सोडून काही महिने झाले की रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो. त्यामुळे वर मी घरातून गहू काढा म्हटलं, ते सगळ्यांचं रक्त देऊन झाल्यावर. आधी नाही. आमच्याकडं नेमकं उलटं झालं, आणि धाकटीचं रक्त देण्यासाठी तिला सहा आठवडे रोज पोळ्या खायला घालाव्या लागल्या, त्याही लाल दोऱ्याच्या भांड्यांपासून दूर, मागच्या अंगणात चूल मांडून.