व्हायरस डिलीट केला तरी रीस्टार्टनंतर परत येतो, तो कायमचा कसा घालवायचा?

तुम्ही लिहिलंय की अँटीव्हायरस एक फाइल पकडतो, तुम्ही ती डिलीट करता, 'धोका दूर झाला' असा हिरवा टिक येतो आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की तीच फाइल त्याच जागी हजर. दोन वर्षांपूर्वी मी यात चार रात्री घालवल्या. तीन रात्री फुकट गेल्या, कारण मी फाइलच्या मागे लागलो होतो. ती परत आणून ठेवणारा कोण आहे, हे शोधायचं मला चौथ्या रात्री सुचलं.

आधी एक खात्री करून घ्या. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत' अशा चौकटी येत असतील, तर तो बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कधीतरी एखाद्या वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते आणि तीच साइट ओरडत असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की काम झालं. असल्या चौकटीत फोन नंबर दिसला तर त्यावर फोन मात्र करू नका.

तुमच्या वर्णनावरून प्रकरण खरं वाटतंय, तेव्हा पुढे जाऊ. सर्वात आधी, त्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार आणि लॉगिन बंद. पासवर्ड बदला, पण मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड रीसेट होतात ते ईमेलवरूनच. सोबत 'सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट' हेही करा. आजकालचे बरेच व्हायरस नुसता पासवर्ड चोरत नाहीत, ब्राउझरमधली लॉगिनची कुकी, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलेलं आहे याची साइटने ठेवलेली खूण, उचलतात. ती हाती असली की चोराला ना पासवर्ड लागतो, ना ओटीपी. हे काम लोक शेवटी करतात, तोवर जे जायचं ते गेलेलं असतं.

आता स्कॅन. विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो, म्हणून तिथे अँटीव्हायरसचे हात बांधलेले असतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'स्कॅन ऑप्शन्स'च्या यादीत खाली 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करतो. साधारण १५ मिनिटं लागतात. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम टाकू नका, ते एकमेकांनाच अडवत बसतात.

त्याआधी त्याच विंडोज सिक्युरिटीत 'एक्सक्लूजन्स' ही यादी उघडून बघा. म्हणजे अँटीव्हायरसने कुठे बघायचं नाही याची यादी. माझ्याकडे तिथे एक अख्खं फोल्डर लिहिलेलं होतं, आणि ते मी लिहिलं नव्हतं. व्हायरसने आत येताच पहारेकऱ्याला सांगून ठेवलं होतं की या खोलीत डोकावू नकोस. मी रोज फुल स्कॅन करत होतो आणि तो इमानाने ती खोली सोडून बाकी घर तपासत होता!

एवढं करूनही परत आला, तर तो परत आणणारा शोधायचा. माझ्या मशीनवर तो 'टास्क शेड्युलर'मध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक टास्क म्हणून सापडला. नाव एखाद्या ब्राउझरच्या अपडेटरसारखं साळसूद, लॉगिन केलं की चालायचं आणि दर तासाला पुन्हा. तो जी फाइल चालवत होता, ती 'अॅपडेटा' या प्रोग्रामांचा डेटा ठेवणाऱ्या फोल्डरच्या आत कुठेतरी दडलेली. नाव ओळखीचं आहे म्हणून फसू नका, फाइल कुठे आहे ते बघा. 'एसव्हीसीहोस्ट' हे विंडोजचंच काम आहे, पण त्याची जागा 'सिस्टम३२'मध्ये. तेच नाव 'अॅपडेटा'त किंवा 'टेम्प'मध्ये दिसलं तर समजून जा.

टास्क शेड्युलरखेरीज स्टार्टअप, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) 'रन'च्या नोंदी अशा बऱ्याच बिळांमधून तो उठू शकतो. एकेक बीळ हाताने तपासण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' नावाचं फुकट टूल घ्या. आपोआप सुरू होणारं जवळपास सगळं एका यादीत दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय चालू केला की यादी आटोक्यात येते. संशयित नोंद लगेच उडवू नका, नुसती टिक काढा. चूक झालीच तर टिक परत लावता येते. हे काम सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू होतं तिथे, केलेलं बरं: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि यादी आली की ४. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) लॉक असेल तर वाटेत रिकव्हरी की मागितली जाईल, ती आधीच हाताशी ठेवा. सेफ मोडमध्ये आधी टास्क आणि स्टार्टअपच्या नोंदी घालवा, फाइल नंतर. उलट केलंत तर पुन्हा तेच रामायण.

ब्राउझरच हायजॅक झाला असेल तर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, बघा. 'फॉरमॅट मारला तरी व्हायरस गेला नाही' असं सांगणाऱ्यांपैकी काहींची भानगड इथेच असते. नवीन विंडोजवर ब्राउझरमध्ये लॉगिन केलं, सिंक सुरू झालं आणि तेच एक्स्टेंशन मुकाट्याने परत आलं. उरलेल्यांची भानगड पेन ड्राइव्हमध्ये, नाहीतर त्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटअपमध्ये असते. फॉरमॅटनंतर पहिलं काम म्हणून ते तोच सेटअप चालवतात, आणि मग व्हायरस चिवट आहे म्हणतात.

फॉरमॅट मारायचा की नाही? माझं मत स्पष्ट आहे: नुसता जाहिराती दाखवणारा उपद्रव असेल तर साफसफाई पुरे, पण पासवर्ड चोरणारं किंवा दुरून कॉम्प्युटर चालवणारं काही सापडलं असेल तर साफसफाईच्या नादी लागू नका. एक सापडला, दुसरा राहिला असेल का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलर बनवा, त्यावरून बूट करा, जुनी सगळी पार्टिशन्स उडवा आणि नव्याने विंडोज टाका. नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट करून डी तसाच ठेवणं म्हणजे निम्मं काम. बॅकअपमध्ये फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं घ्या, सेटअपच्या फाइल एकही नको. त्या अधिकृत साइटवरून पुन्हा मिळतात. बॅकअप परत कॉपी करण्याआधी तो स्कॅन करायला विसरू नका.

आणि विंडोज १० वर असाल तर पुन्हा तेच टाकू नका. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आहे. मशीनला झेपत असेल तर ११ टाका.

एक्सक्लूजन्सच्या यादीत काय सापडलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. टास्कचं नाव आणि ती फाइल कोणत्या फोल्डरमधली आहे हेही लिहिलंत, तर ती उडवायची की ठेवायची ते सांगतो.