वाचकांचे प्रश्न: न्यूझीलंड, कॅम्परव्हॅन आणि हात राखून खर्च

प्रश्न: मार्चमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे न्यूझीलंडमध्ये व्हॅनने फिरणार आहोत. जाहिरातीत रोजचं भाडं खूपच कमी दिसतं. मग खर्च वाढतो कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सगळ्यात आधी डिझेलमध्ये. पंपावर ते पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं, कारण रस्त्याचा कर त्यात धरलेला नसतो. हलक्या डिझेल गाडीला तो दर 1000 किलोमीटरला 76 न्यूझीलंड डॉलर असा वेगळा पडतो. बऱ्याच कंपन्या गाडी परत घेताना मीटर बघून तो वसूल करतात, म्हणजे 3000 किलोमीटरला 228 डॉलर. वर आणखी शुल्क लावतात का, ते बुकिंगआधीच विचारा. पेट्रोल व्हॅनचा कर पंपावरच भरला जातो, त्यामुळे तुलना करताना डिझेलच्या भाड्यात ही रक्कम मिळवूनच बघा.

मग विमा. मूळ भाड्यातल्या विम्यात नुकसानीचे पहिले काही हजार डॉलर तुमच्या माथी असतात आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा तेवढी नसेल तर काउंटरवरच महागडा विमा घ्यावा लागतो. पूर्ण विमा घेतला तरी छत, गाडीचा तळ आणि चुकीचं इंधन भरल्याने झालेलं नुकसान त्यात बहुधा येत नाही. नाइन्टी माइल बीच, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड अशा ठिकाणी गाडी नेलीत तर विमा गेलाच म्हणून समजा.

तीन आठवड्यांत दोन्ही बेटं गाठायचा हट्ट सोडा, असं आम्ही सुचवू. उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला फेरीबोटीने साडेतीन तास लागतात आणि भाडं गाडीच्या लांबीवर ठरतं. दक्षिण बेटावरच्या क्राइस्टचर्चला व्हॅन घेऊन तिथेच परत केलीत की तो खर्च वाचतो. उत्तरेकडे जायचंच असेल, तर क्राइस्टचर्चहून उत्तर बेटावरच्या ऑकलंडला गाडी पोचवून देण्याचे सौदे शोधा. बहुतेक पर्यटक उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात, म्हणून गाड्या क्राइस्टचर्चला साचतात. त्या नाममात्र भाड्यात मिळतात, कधी फेरीबोटीचं तिकीटही कंपनी देते. मात्र दिवस मोजके मिळतात, त्यात रमतगमत फिरणं होत नाही.

प्रश्न: रस्त्याकडेला फुकट मुक्काम करता येतो का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: कुठेही नाही, आणि कुठल्याही गाडीतही नाही. त्यासाठी गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे टॉयलेट-पाण्याची सोय आतच असलेली, लागते. 2023च्या कायद्याने अशा गाडीत कायमचं बसवलेलं टॉयलेट लागतं, आणि बिछाना घातलेला असतानाही ते वापरता यायला हवं. सुटं पोर्टेबल टॉयलेट चालत नाही. काचेवर त्याचं हिरवं प्रमाणपत्र आहे ना, ते गाडी ताब्यात घेतानाच बघा. नगरपालिकेच्या जागेवर त्याशिवाय झोपलात तर दंड 400 डॉलरचा. प्रमाणपत्र असलं तरी प्रत्येक ठिकाणचा फलक वाचा, किती गाड्या आणि किती रात्रींचा मुक्काम, हे ठरलेलं असतं.

स्वस्तातला चांगला पर्याय म्हणजे तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याचे, ‘डॉक’चे, कॅम्पसाइट. जागा सुंदर, पण बऱ्याच ठिकाणी वीज आणि अंघोळीची सोय नसते, पाणीही उकळून प्यावं लागतं. दर तीन-चार रात्रींनी हॉलिडे पार्कमध्ये (सोयींनी युक्त खासगी कॅम्पसाइट) वीजजोडणीसह मुक्काम करा: गरम पाण्याने अंघोळ, कपडे, बॅटरीचं चार्जिंग, सगळं एका मुक्कामात उरकतं. टॉयलेटची टाकी आणि सांडपाणी फक्त डम्प स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या जागीच रिकामं करायचं.

प्रश्न: लाडू, लोणचं, मेतकूट नेता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर: जे न्याल ते सगळं प्रवेश-घोषणापत्रात लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेलीला 400 डॉलर दंड आहे. मध अजिबात नको, दुधाची मिठाईही घरीच ठेवा. वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणि तंबूही जाहीर करावे लागतात, त्यावर माती राहू देऊ नका. डाळ-तांदूळ, मसाले क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतात. भाजीपाला शहरातल्या ‘पॅक अँड सेव्ह’ या सुपरमार्केटमधून भरून घ्या, लहान गावांत तोच महाग पडतो.

प्रश्न: आपलं लायसन्स चालतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: इंग्रजीतलं, मुदतीतलं असेल तर चालतं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. एकपदरी पुलांवर मात्र सावध राहा: तुमच्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मिलफर्ड साउंडला निघण्याआधी ‘ते अनाऊ’ या गावात टाकी पूर्ण भरा, जाऊन-येऊन सुमारे 240 किलोमीटर होतात.