'क्रमनिरपेक्ष'मधला क्रम कोणता?

प्रश्न असा आहे: क्रम कसाही असला तरी उत्तर तेच येते, याला क्रमनिरपेक्षता म्हणतात. मग (2 + 3) + 4 = 2 + (3 + 4) यातही आधी कोणती बेरीज करायची हा क्रमच बदलतो की! त्याला 'साहचर्य' असे वेगळे नाव कशाला?

शंका रास्त आहे, आणि गोंधळात थोडा वाटा शब्दाचाही आहे. क्रम दोन प्रकारचा असतो: संख्या मांडण्याचा आणि क्रिया करण्याचा. क्रमनिरपेक्षतेत फक्त पहिला अभिप्रेत आहे, म्हणजे अ + ब = ब + अ. तुमच्या उदाहरणात 2, 3, 4 जागच्या जागीच आहेत; सरकला तो कंस.

बेरीज आणि गुणाकार यांत दोन्ही गुणधर्म एकत्र नांदतात, म्हणून फरक जाणवत नाही. दोन संख्यांची सरासरी काढून बघा. 2 आणि 8 ची सरासरी 5, 8 आणि 2 चीही 5. पण 2, 4, 8 घेतल्या तर? आधी 2 व 4 ची 3, मग 3 व 8 ची 5.5. आधी 4 व 8 ची 6 काढली, तर 2 व 6 ची येते 4. म्हणजे क्रमनिरपेक्षता आहे, साहचर्य नाही. अक्षरे जोडण्यात नेमके उलटे होते. 'कम'ला 'ल' जोडा किंवा 'क'ला 'मल', 'कमल'च मिळते. मात्र 'नव' उलटले की 'वन'.

हिंदीत 'क्रमविनिमेय' म्हणतात. मला तो शब्द अधिक नेमका वाटतो, कारण अदलाबदल त्यात स्पष्ट दिसते. फ्रेंच गणिती सेर्व्हा यांनी 1814 मध्ये वापरलेला शब्दही अदलाबदलीवरूनच आलेला आहे. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत 'क्रमनिरपेक्ष' रुळला आहे, तो आता बदलायला नको.

वापराबद्दल एक राहिले. 'संख्या क्रमनिरपेक्ष आहेत' असे लिहू नये. हा गुण क्रियेचा. एखादी जोडी जमली म्हणूनही तो सिद्ध होत नाही: 2 चा चौथा घात आणि 4 चा वर्ग दोन्ही 16, पण 2 चा घन 8 आणि 3 चा वर्ग 9. शिवाय क्रिया कशावर चालली आहे तेही सांगावे. आयरिश गणिती हॅमिल्टन यांनी 1843 मध्ये मांडलेल्या चतुर्घटकी (चार घटक मिळून बनणाऱ्या) संख्यांत गुणाकारही क्रमनिरपेक्ष राहत नाही. म्हणून 'वास्तव संख्यांचा गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो' हे वाक्य पूर्ण, नुसते 'गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो' हे अर्धे.