ऑक्टोबरमध्ये कोट कशाला गं?

अगं,

तुझा त्या इन्स्टावरच्या इन्फ्लुएन्सरचा स्क्रीनशॉट काल रात्रीच बघितला पण कुकर लावलेला होता आणि मग विसरले, आता बोरिवलीहून विंडो मिळालीये तर चर्चगेटपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते. बिस्किट कलरचा लांब कोट, घोट्यापर्यंतचे बूट, गळ्यात मफलर, मागे पिवळ्या पानांचा सडा, आणि खाली तुझा प्रश्न, मावशी हा ऑटम लुक ऑफिसला चालेल का. दिसायला छानच आहे, मी कुठे नाही म्हणतेय. पण तो घालून तू एकदा सकाळी पावणेनऊला गोरेगावचा ब्रिज चढून दाखव, मग पुढचं बोलू.

तू नाशिकची, म्हणून तुला वाटतं पाऊस गेला की हवा सुधारते. तुमच्याकडे सुधारते, रात्री पांघरूण लागतं. इथे उलटं असतं. मुंबईतून मान्सून परत फिरायची हवामान खात्याची ठरलेली तारीख ८ ऑक्टोबर, आणि तो हलला की ढग गायब, ऊन सरळ डोक्यावर, जमीन अजून ओली, त्यात समुद्राकडचा वारा दुपार होईपर्यंत यायचं नाव घेत नाही, तोवर जमिनीकडचा गरम वारा. पावसात तिशीच्या आसपास असलेला पारा मग ३५-३६ ला जाऊन बसतो. त्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो. हाच आपला शरद ऋतू बरं का, कोजागिरी, चांदणं वगैरे सगळं खरंय, पण ते रात्री नऊनंतर गच्चीवर. आणि पानगळ म्हणशील तर ती आपल्याकडे शिशिरात, फेब्रुवारीकडे. आत्ता उलट सातवीण फुलायला लागेल, रात्री सोसायटीत शिरताना तो उग्र गोडसर वास आला की समज आपला ऑटम आला. काहींचं डोकं दुखतं त्याने, मला आवडतो.

तर कोट राहू दे. पण तुझ्या प्रश्नातलं खरं मला कळलं, तुला ऋतू बदलला की आपणही थोडं बदलावं असं वाटतंय, चार महिने रेनकोट आणि प्लास्टिकच्या चपलांमध्ये काढल्यावर कुणालाही वाटतं. ते बरोबरच आहे. फक्त त्याचं उत्तर इन्स्टावर नाही, तुझ्या अंगाला कापड कसं लागतं त्यात आहे.

माझंच सांगते. १९९८ ला मी नोकरीला लागले, पहिल्या पगारात एका दुकानातून मरून कलरचा चकचकीत ड्रेस घेतला, सेल्समन म्हणाला ताई क्रेप सिल्क आहे, एकदम ऑफिसर वाटाल. मी ऐटीत ऑक्टोबरातल्या सोमवारी घालून निघाले. अंधेरीपर्यंत पाठीला चिकटला, दादरला काखेतून ओघळ, आणि ऑफिसात पोचून पंख्याखाली वाळला तेव्हा दोन्ही काखांत मिठाचे पांढरे नकाशे उमटले, अगदी कोकण किनारपट्टी. दिवसभर फाईल छातीशी धरून फिरले. साहेबांना वाटलं मुलगी फार कामसू आहे.

क्रेप सिल्क कसलं, पॉलिस्टर होतं ते. आता मला कुणी फसवू शकत नाही. शिवणीच्या आतून दोन धागे ओढायचे आणि घरी काडी लावून बघायचं, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक काळा मणी होतो. कॉटन स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही, म्हणजे घाम जातो कुठे, तर कुठेच नाही, तुझ्या पाठीवरच.

आणि आता जे सांगते ते लक्ष देऊन वाच, कारण हे कुणी सांगत नाही. अस्तर. तू मागच्या महिन्यात निळा कुर्ता शिवून घेतलास ना, इंडिगो ब्लॉक प्रिंटचा, प्युअर कॉटन, आणि मग म्हणालीस की मावशी कॉटन असून पण गरम होतंय. मी पैज लावते त्याच्या आत चकचकीत अस्तर आहे. टेलरला काही सांगितलं नाहीस तर तो स्वस्तातलं पॉलिस्टरचं अस्तर लावून मोकळा होतो, ते घसरतं छान, शिवायला सोपं, आणि अंगाला लागतं तेच. वर हजार रुपयांचं कॉटन आणि आत प्लास्टिकची पिशवी. त्यामुळे अस्तराचं कापड आपण न्यायचं, मलमल किंवा पातळ केंब्रिक, आणि दोन्ही कापडं शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवायची, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि कुर्ता खालून लोंबतो. पहिल्यांदा भिजवताना मूठभर मीठ टाकतात आमच्याकडे, रंग धरतो म्हणे, खात्री नाही पण आईची सवय आहे, मोडवत नाही. टेलरला सांगताना तीन गोष्टी, बाजूला खिसा, आत दोन्हीकडे इंचभर मार्जिन, आणि काखेत घट्ट नको. खिसा मोबाईल मावेल एवढा. ते हसतात, लेडीजला खिसा कशाला म्हणतात, आपण दाद द्यायची नाही.

आणि हे सगळं आत्ता कर. घट बसले की टेलर नवीन माप घेत नाहीत, दिवाळीनंतर या म्हणतात.

माझी कपडे घ्यायची परीक्षा एकच आहे, आरशासमोर नाही, हात वर. ट्रायल रूममध्ये ट्रेनचं हँडल पकडल्यासारखा एक हात वर कर, दुसऱ्या हातात पर्स धर आणि तशीच दोन मिनिटं उभी राहा. कुर्ता वर सरकला, काख आवळली, खांद्यावरून काही घसरलं की परत ठेव. कारण तू दिवसातला तास-दीड तास त्याच पोजमध्ये असणारेस. ओढणी पिनअप करायची, दारात आणि सरकत्या जिन्यावर तर गाठच मारायची, ती अडकल्यावर काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी बघितलंय, इथे नाही लिहीत. झुमके पर्समध्ये ठेवायचे आणि उतरल्यावर घालायचे. झुमक्यांसाठी दुकानातही जायला नको, आपल्या डब्यात ती बाई प्लास्टिकच्या शीटवर लटकवून आणते तिच्याकडूनच घे, पाऊस संपला की तिच्याकडे ऑक्सिडाईजचा नवा माल येतो आणि तिची नजर तुझ्या त्या इन्फ्लुएन्सरपेक्षा चांगली आहे. मागे मला म्हणाली, काकी तुमच्या चेहऱ्याला लांब नाही जात, गोल घ्या. दहा रुपये कमीचं घेऊन गेले मी.

आता नवरात्राचे रंग. तू घाबरून विचारलंस की ऑफिसच्या ग्रुपवर लिस्ट आलीये आणि माझ्याकडे नऊपैकी तीनच आहेत. अगं हे नऊ रंग काही शास्त्रात लिहिलेले नाहीत, वीसेक वर्षांपूर्वी एका मराठी पेपरने सुरू केलं आणि ट्रेनमधल्या आम्हा बायकांनी उचलून धरलं. मजा असते, मी नाकारत नाही. १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, आता ती विरारपर्यंत जाते, नवरात्रात तिच्यात चढशील तर सगळा डबा एका रंगाचा, डब्यात झेंडूच्या माळा, आरती, पेढे, उतरताना कुणीतरी ओळख नसताना गजरा देतं. पण त्यासाठी नऊ ड्रेस घ्यायची गरज नाही, कारण त्या लिस्टमधली गोम तुला सांगते. सात रंग वारांना बांधलेले आहेत. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी. दरवर्षी तेच. फक्त सुरुवात कुठल्या वारी होते तेवढं बदलतं आणि शेवटचे दोन गुलाबी, जांभळा, मोरपंखी यातले असतात. शनिवार-रविवार तुला सुट्टी. म्हणजे ऑफिसपुरते पाच रंग, त्यातला निळा तुझ्याकडे आहे (अस्तर बदलल्यावर), पांढरा प्रत्येकीकडे असतोच. उरले तीन, त्याला एक पांढरा कुर्ता आणि तीन ओढण्या. शेवटचे दोन रंग माझ्याकडून घेऊन जा, मोरपंखी खणाचा ब्लाऊजपीस पडून आहे. आणि एखाद्या दिवशी रंग नाही घातला तर ग्रुप फोटोत मागे उभी राहा, झालं.

एसीचं विचारलंस. लोअर परळच्या तुझ्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये बाहेर ३५ आणि आत स्वेटर, हे मला माहितीये. तिथे तुझी ऑटमची हौस भागव, एक जाड सुती स्टोल किंवा खादीचं जाकीट खुर्चीला कायमचं टांगून ठेव, तपकिरी, मोहरी, विटकरी, जो तुझ्या त्या फोटोतला रंग असेल तो. ट्रेनमध्ये न्यायचं नाही म्हणजे धुवायला पण महिन्यातून एकदाच.

चपला. कोल्हापुरी आता काढायच्या, पावसात भिजवल्या नसशील तर. एवढं ऊन पडलंय तर कपाटही उघड, चामड्याच्या पर्सला पांढरी बुरशी आली असेल, कोरड्या फडक्याने पूस आणि सावलीत वाऱ्याला ठेव. आईने दिलेली पैठणी उलगड, घड्या बदल, त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की तिथेच चिरते, आणि थेट उन्हात नको, रंग उडतो. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, पैठणी जुन्या मलमलीत गुंडाळून ठेव. नवी कोल्हापुरी चावत असेल तर रात्री पट्ट्याला आतून खोबरेल लाव, चार दिवस घरातच घाल, पहिल्याच दिवशी ऑफिसला घालून गेलीस तर संध्याकाळी रडत येशील. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय मिळालं, म्हणजे ही त्याच भागातली चीज असा सरकारी शिक्का, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या महागड्या ब्रँडने तसल्याच सँडल दाखवल्या आणि इकडे आरडाओरडा झाल्यावर मान्य केलं की हो, भारतातल्या चपलांवरून घेतलंय. तर तू तिकडचे बूट शोधतेयस आणि ते तुझ्या चपला.

ते तीन हप्त्यांत पैसे द्यायचं अ‍ॅप मात्र डिलीट कर, कुर्त्याचे हप्ते भरतात का कुणी.

मरीन लाइन्स गेलं, उठायला हवं. या शनिवारी अकराला दादर ईस्टला ये, हिंदमाताला जाऊ, तीन ओढण्या आणि अस्तराचं कापड घेऊ, मग समोर कुठेतरी पियुष पिऊ. येताना तो निळा कुर्ता पिशवीत टाकून आण, उलटा करून बघते काय लावलंय आत.

मावशी